डावी पानं

सोमवार, ४ ऑगस्ट. सकाळी ११.१०

आजपासून रोजनिशी. ही वही कुणाला दाखवायची नाही. पण एवढं मोठं काम अंगावर घेतलं की नोंद राहिलेली बरी. नाहीतर पुढे आपणच विसरतो की हे सगळं आपण एकट्याने केलं.

काम असं. कॉलेजात गेल्या चाळीस वर्षांत झालेले प्रबंध, प्राध्यापकांचे शोधनिबंध, कॉलेजच्या संशोधनपत्रिकेचे अंक, सगळं स्कॅन करून डिजिटल भांडार उभं करायचं. जगात कुठेही बसून कुणालाही वाचता येईल. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं. तपासणी समिती १३ ऑक्टोबरला येतेय, तिला दाखवायचं. "कोण घेतंय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हात वर केला नव्हता, चष्मा काढत होतो. पण एकदा नाव पुकारलं गेल्यावर मागे सरणाऱ्यातला मी नाही. शिवाय ग्रंथपाल मीच.

संकल्प: दहा आठवडे, एक हजार बाडं. म्हणजे दिवसाला वीस. वीस म्हणजे काहीच नाही.

कॅटलॉगबाईंना सांगितलं. (माझ्या सहायक. एकतीस वर्षं कॅटलॉग सांभाळतायत, त्यामुळे त्यांचं खरं नाव आता पगारपत्रकापुरतं उरलंय.) म्हणाल्या, सर, आधी दहा करून बघू या का? मी हसून सोडून दिलं. प्रत्येकाकडे दृष्टी असतेच असं नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

हिशेबाने शंभर व्हायला हवे होते. झाले शून्य. पायाभरणी जमिनीखाली असते, वरून शून्यच दिसतं.

अडचणी माझ्या नाहीत, लोकांच्या आहेत. सर्व्हरचा पासवर्ड कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखांकडे. त्यांना आम्ही सर्व्हर सर म्हणतो. सोमवारी म्हणाले, देतो. मंगळवारी म्हणाले, दिला ना? बुधवारी म्हणाले, ज्या डायरीत लिहिलाय ती घरी आहे. काल म्हणाले, डायरी आणली, पण ती गेल्या वर्षीची निघाली. आज रजेवर.

प्राध्यापकांना संमतीपत्रं वाटली. "माझं लेखन भांडारात ठेवायला हरकत नाही", एवढंच, खाली सही. सेहेचाळीस वाटली, परत आली तीन. एक कोरं. दुसऱ्यावर सही नाही, पण माझ्या मजकुरातलं शुद्धलेखन लाल पेनाने सुधारलेलं. तिसरं संपूर्ण भरलेलं, सहीसकट. ते कॅन्टीनवाल्याचं होतं. त्याला वाटलं सगळ्यांनीच भरायचंय.

अर्थशास्त्राच्या प्रमुखांना जिन्यात गाठलं. त्यांचे निबंध घरी आहेत आणि घराला रंग चाललाय. दोन वर्षांपूर्वी लायब्ररीची पुस्तकं परत मागितली होती, तेव्हाही रंग चालला होता. केवढं घर आहे यांचं?

नवा संकल्प: सोमवारपासून दिवसाला पंचवीस.

मंगळवार, १२ ऑगस्ट. दुपारी ३

मशिन आलं! वरच्या ट्रेमध्ये सुटी पानं ठेवायची, बटण दाबायचं, खालून सरसर बाहेर. बसवायला आलेला माणूस समजावून सांगायला लागला, हे बटण याचं, ते बटण त्याचं. मी थांबवलं. म्हटलं, कॉलेजचं झेरॉक्स मशिन सव्वीस वर्षं माझ्या ताब्यात आहे, मला मशिनं शिकवू नका. त्याने मान डोलावली, चहा घेतला आणि माहितीपुस्तिका टेबलावर ठेवून गेला. चांगली जाड आहे. खिडकीचं दार आपटत होतं, त्याला टेकू म्हणून लावली.

पहिला प्रबंध रसायनशास्त्राचा, टाइपरायटरवर केलेला, एकशे ऐंशी पानं. सहा मिनिटांत खलास. कॅटलॉगबाई म्हणाल्या, मी बघते, आणि एकेक पान मुळाशी ताडून बघत बसल्या. पाऊण तास. एक चूक सापडली नाही. मी तेच सांगत होतो.

मशिनला सुटी पानं लागतात, म्हणून बाइंडरला सांगून ठेवलंय. तो कटर घेऊन येईल आणि बाडांच्या पाठी कापून पानं मोकळी करेल. नंतर हवी तर पुन्हा बांधता येतील.

बुधवार, २७ ऑगस्ट

माझी एकाहत्तर! (संकल्पाप्रमाणे साडेतीनशेच्या आसपास हवे होते, पण पासवर्ड मिळायलाच नऊ दिवस गेले. मिळाला तोही चिठ्ठीवर, आणि त्यातलं एक अक्षर शून्य आहे की ओ यावर आणखी दोन.)

कामाची वाटणी केली. नवीन मशिन माझ्याकडे. कॅटलॉगबाईंना जुना काचेचा स्कॅनर दिला. झाकण उघडायचं, पान पालथं घालायचं, झाकण लावायचं. फाटकी, जीर्ण, कापता न येणारी बाडं त्यांच्याकडे. पंधरा दिवसांत त्यांची पाच झाली. पाच! एक प्राध्यापक स्वतःचं नाव अकरा प्रकारे लिहायचे म्हणे, तर या अकरा ठिकाणी ते एकसारखं करत बसल्या. म्हटलं, कोण बघतंय? म्हणाल्या, जो शोधायला येईल तो.

माझी तपासणीची पद्धत शास्त्रीय आहे. प्रत्येक दहावी फाइल उघडायची, पहिलं पान बघायचं, नीट असेल तर पुढे. जेवताना हिला सांगितलं. ही रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. म्हणाली, आमच्याकडे असं केलं तर माणसं मरतील. मी म्हटलं, आमच्याकडे निम्मे लेखक आधीच गेलेत. ही हसली नाही. दिवसभर लॅबमध्ये काम करून विनोदबुद्धीवर परिणाम होतो.

सोमवार, १ सप्टेंबर

टाइप केलेले प्रबंध त्या एकाहत्तरांतच संपले. आता कॉम्प्युटरवर छापलेले अलीकडचे प्रबंध आणि संशोधनपत्रिकेचे अंक. आणि काय चमत्कार, वेग दुप्पट झाला! एकशे ऐंशी पानांना सहा मिनिटं लागायची, आज एक एकशे शहाऐंशी पानांचा प्रबंध तीन मिनिटांत बाहेर. मशिनचंही माणसासारखंच असतं, सरावाने हात बसतो.

बाईंनाही हे दाखवलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, सर, एवढं लवकर कसं? मी म्हटलं, याला नियोजन म्हणतात. तेवढ्यात त्यांना काउंटरवर बोलावणं आलं.

बुधवार, १० सप्टेंबर

आज पाला सर आले. वनस्पतिशास्त्राचे, बारा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलांना कायम कुठलातरी पाला हुंगायला लावायचे, त्यावरून हे नाव. सोबत त्यांच्या पत्नी, त्यांनाही सगळे बाईच म्हणतात. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या.

कापडी पिशवीतून अकरा वह्या काढून टेबलावर ठेवल्या. जाड पुठ्ठ्याच्या, हाताने शिवलेल्या. तीस वर्षं दर रविवारी दोघं नदीकाठी आणि मागच्या टेकडीवर जायची. जे दिसेल त्याची नोंद सर उजव्या पानावर लिहायचे आणि डाव्या कोऱ्या पानावर बाई त्याचं चित्र काढायच्या. पान, फूल, मूळ, बी, सगळं. दुसरी प्रत नाही. यातली कितीतरी झाडं आता तिथे नाहीतच. नदीकाठाला सिमेंटची भिंत झाली, टेकडीवर घरं.

मी चाळली. मला चित्रातलं फार कळत नाही, पण एका गवताच्या तुऱ्यावरून बोट फिरवलं तर ते खरंच बोटाला टोचेल असं वाटलं.

सरांच्या अटी दोन. एक, शिवण उसवायची नाही. दोन, लेखक म्हणून दोघांची नावं. मी फॉर्म दाखवला. लेखकासाठी एकच चौकोन आहे, सिस्टिमच तशी आहे. बाई म्हणाल्या, असू दे. सर म्हणाले, नसू दे. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बघतो, करतो, काळजी करू नका.

चहा दिला तेव्हा बाईंनी कप दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत सांडलाच. हात थरथरतात. तीन वर्षं झाली, चित्र काढता येत नाही.

वह्या कॅटलॉगबाईंकडे सोपवल्या. त्यांच्या काचेवर शिवणीला धक्का लागत नाही. शब्द म्हणजे शब्द.

सोमवार, २२ सप्टेंबर

दोनशे छत्तीस. प्राचार्य खूश. मागची खोली रिकामी करा म्हणाले. तिथे समितीला दाखवायला ई-स्टुडिओ करायचाय. ई-स्टुडिओ म्हणजे काय ते अजून ठरलेलं नाही, पण खोली रिकामी हवी. तिथे सगळी कापलेली बाडं पोत्यांत भरून ठेवलीत. स्कॅन झालेला कागद कशाला ठेवायचा, रद्दीत द्या म्हणाले. मला पटलं. हे भांडार कागदातून मुक्त होण्यासाठीच आहे.

कॅटलॉगबाई म्हणाल्या, एकेक फाइल शेवटच्या पानापर्यंत तपासल्याशिवाय कागद सोडू नका. मी म्हटलं, मी तपासलंय. कसं, ते त्यांनी विचारलं नाही. मी सही केली.

आज अकरा प्राध्यापकांनी आपला निबंध भांडारात आल्याबद्दल अभिनंदन केलं. अर्थशास्त्राच्या प्रमुखांचा निबंध पत्रिकेच्या अंकातूनच मिळाला. रंगाची वाट बघावी लागली नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

तीनशे एकाहत्तर. हजार हा आकडा मुळात प्रेरणेसाठी होता. चारशे हे वास्तववादी उद्दिष्ट आणि ते मी आजच जाहीर केलं. त्यामुळे आपण जवळजवळ वेळेवर आहोत.

एकच घोटाळा. प्राचार्यांना समितीसमोर "दुर्मिळ काहीतरी" हवंय, आणि दुर्मिळ म्हणजे पाला सरांच्या वह्या. कॅटलॉगबाईंची पहिली वही चाळिसाव्या पानावर. तीन आठवड्यांत चाळीस! प्रत्येक चित्राचा रंग मुळाशी जुळवून बघतात. या हिशेबाने समिती येऊन, जाऊन, निवृत्त होईल.

आज बाई रजेवर आहेत. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन. मी बाइंडरला बोलावलं. त्याने वही उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, साहेब, ही शिवण कुणीतरी फार जीव लावून घातलीय, मला हात लावायला सांगू नका. मीही जरा घुटमळलो. मग नीट विचार केला. सर म्हणाले होते, उसवू नका. कापू नका असं म्हणाले नव्हते. नंतर चामड्याची नवीकोरी बांधणी करून देऊ, सर उलट खूश होतील. बाइंडर तोंड फिरवून कापत होता.

अकरा वह्या, दीड तासात मशिनमधून पार. प्रत्येकीचं पहिलं पान बघितलं. सुरेख. लेखकाच्या चौकोनात सरांचं नाव टाकलं. बाईंच्या नावाचं नंतर बघतो.

सोमवार, ६ ऑक्टोबर

कॅटलॉगबाई आल्या. टेबलावर वह्या नाहीत म्हणून विचारलं. म्हटलं, काम फत्ते. त्यांनी काचेच्या स्कॅनरचं झाकण लावलं. दिवसभर बोलल्या नाहीत. यश पचवणं कठीण असतं, विशेषतः दुसऱ्याचं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

तेवीस पोती रद्दीत गेली. खोली चकाचक. मी स्वतः उभं राहून देखरेख केली. मध्ये प्राचार्यांनी बोलावलं, तेवढी वीस मिनिटं सोडून. पाला सरांच्या पानांचा गठ्ठा बांधणीसाठी खिडकीत वेगळा ठेवल्याचं पक्कं आठवतंय. आता खिडकीत नाही, म्हणजे कपाटात ठेवला असणार. उद्या बघतो.

सोमवार, १३ ऑक्टोबर. संध्याकाळी ५

झालं! चारशे बारा!

समिती लायब्ररीत सात मिनिटं होती. अध्यक्षांनी विचारलं, एकूण किती? मी म्हटलं, चारशे बारा. त्यांनी लिहून घेतलं. एक उघडून दाखवा म्हणाले. मी रसायनशास्त्राचा पहिला प्रबंध उघडला, त्यावर माझा विश्वास आहे. "स्तुत्य," म्हणाले. हाच शब्द. पाला सरांच्या वह्यांचं पहिलं पानही दाखवलं. मग सगळे रिकामा ई-स्टुडिओ बघायला गेले. तोही आवडला.

प्राचार्यांनी सगळ्यांसमोर पाठीवर हात ठेवला. कॅटलॉगबाई मागे उभ्या होत्या. त्यांचाही हातभार आहेच. अडतीस बाडं त्यांची.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. दुपारी १२

पाला सरांच्या बाईंचा फोन. दोघं सकाळपासून मोबाइलवर आपल्या वह्या वाचतायत. सगळ्या उघडल्या. सरांचं लिहिलेलं छान दिसतंय. फक्त, म्हणाल्या, "चित्रं कुठे बघायची?"

मी म्हटलं, चित्रं जड असतात, सर्व्हरवर ताण येतो, ती हळूहळू उमटतील. म्हणाल्या, बरं, थांबतो आम्ही.

हे मी का बोललो कळत नाही. कदाचित खरंही असेल.

दुपारी १२.४०

खरं नाही. पहिली वही उघडली. पान एक, पान तीन, पान पाच. सगळी उजवी. डावं एकही नाही.

दुपारी २

मशिनच्या माणसाला फोन लावला. मशिन सदोष आहे असं बजावणार होतो. त्याने शांतपणे विचारलं, साहेब, डावीकडचं बटण दाबलं होतं का? कागदाच्या दोन्ही बाजू घ्यायच्या असल्या की ते दाबायचं. मी त्या दिवशी सांगत होतो.

टाइप केलेले प्रबंध एकाच बाजूने टाइप केलेले असतात, म्हणून ते एकाहत्तर बरोबर आले. त्यानंतरचं सगळं पाठपोट छापलेलं. सगळं अर्धं. वेग दुप्पट झाला होता तो यामुळे.

संध्याकाळी ६

मोजलं. तीनशे तीन. माझी तीनशे तीन.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. दीड महिना हे भांडार जगासमोर उघडं आहे. ज्यांनी माझं अभिनंदन केलं त्या अकरा जणांतल्या एकानेही स्वतःच्या निबंधाचं दुसरं पान उघडलं नाही. तेव्हा दोष माझा एकट्याचा नाही. हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं.

मूळ कागदांवरून पुन्हा करता येईल, असं म्हणत कपाट उघडलं. पाला सरांचा गठ्ठा कपाटात नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

कॅटलॉगबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, मी सांगत होते. त्या म्हणाल्या, रद्दीवाल्याचा नंबर आहे का? नव्हता. त्यांच्याकडे होता.

गोदाम गावाबाहेर. बाई माझ्याबरोबर आल्या, न विचारता. पत्र्याची शेड, आत छपरापर्यंत कागद. मालकाने सांगितलं, तुमच्या तेवीसपैकी नऊ पोती बुधवारीच कागद गिरणीत गेली. आता लगदा झाला असेल. उरलेली चौदा इथेच कुठेतरी, पण फोडून इतरांच्या मालात मिसळलेली. त्याने विचारलं, एवढं काय शोधताय? मी म्हटलं, झाडांची चित्रं. तो म्हणाला, "साहेब, इथे सगळी झाडंच आहेत." आणि बसायला एक स्टूल दिलं.

बुधवार, २२ ऑक्टोबर

चार दिवस गोदामात. रजा टाकली. नाकातोंडात धूळ, बोटं चिरलेली. ही रात्रीच्या जेवणाला बोटांवर चिकटपट्ट्या लावून देते, काही विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं.

ढिगात आमच्या संशोधनपत्रिकेची पानं सापडतात, त्यांच्यात कुणाच्या तरी लग्नपत्रिका, विजेची बिलं. सरांचं अक्षर आता मला लांबून ओळखू येतं. पान मिळालं की मी आधी उलटून बघतो, चित्र आहे ना ते. कॅटलॉगबाई शेजारी पानांवरचे आकडे बघून क्रम लावत बसतात.

सापडलेली पानं सात वह्यांची भरतात. चार वह्या नाहीत. काल संध्याकाळी मालकानेच हात जोडले. म्हणाला, आता आणखी नाही निघणार.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

पाला सरांकडे गेलो, पानं घेऊन. कॅटलॉगबाई बरोबर होत्या. वाटेत चार कारणं तयार केली होती. एक तर फारच चांगलं होतं, सर्व्हर सरांवर ढकलणारं.

दार सरांनी उघडलं. पुढच्या खोलीत पलंगावर गठ्ठा ठेवला. सरांनी वरचं पान उचललं, त्याच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"कुणी कापलं?"

"बाइंडरने," मी म्हटलं.

कॅटलॉगबाई माझ्याकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या.

"मी," मी म्हटलं. "मी कापायला लावलं. तुम्ही नको म्हणाला होता. आणि पानं रद्दीत गेली तीही माझ्या सहीने. चार वह्या गेल्या."

सरांनी पान परत गठ्ठ्यावर ठेवलं. ओरडले असते तर मला उभं राहायला सोपं गेलं असतं. सरांच्या बाई पलंगावर पानं लावायला लागल्या. हात थरथरत होते, एकेक पान दोन्ही हातांनी उचलायचं, बघायचं, आपल्या जागी ठेवायचं. तासभर आम्ही तिघं उभे. शेवटी त्या म्हणाल्या, "नेचे आहेत. वेली आहेत. टेकडीवरचं बहुतेक सगळं आहे." मग हातातलं शेवटचं पान जागेवर ठेवलं. "गवतं गेली."

"नदीकाठची?" सरांनी विचारलं.

"सगळी."

सर खुर्चीत बसले. म्हणाले, "तो काठ तरी कुठे राहिलाय."

"मला आठवतायत ती," बाई म्हणाल्या. सरांनी त्यांच्या हातांकडे बघितलं आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनीही हात पदराखाली घेतले.

निघताना सरांच्या बाईंनी दारात थांबवून विचारलं, तुम्ही जेवलात का?

सोमवार, ३ नोव्हेंबर

संकल्प: प्राचार्यांना सगळं सांगायचं आणि राजीनामा द्यायचा. राजीनाम्याचे तीन मसुदे केले. पहिला बाणेदार, दुसरा हृदयस्पर्शी, तिसऱ्यात नुसती तारीख. तिन्ही खिशात घेऊन गेलो.

प्राचार्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, समितीचा अहवाल आलाय, त्यात चारशे बारा लिहिलंय, चारशे बाराच राहू दे. कोण बघतंय? हे वाक्य कुणाच्या तरी तोंडी मी आधी ऐकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, माझ्याच.

परत आलो, कॉम्प्युटरसमोर बसलो आणि तीनशे तीन नोंदी काढून टाकायला सुरुवात केली. एकेक. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर विचारतो, नक्की काढायचं? तीनशे तीन वेळा विचारलं. साडेतीन तास लागले. राहिल्या एकशे नऊ.

संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. आवाज खालच्या मजल्यावर ऐकू गेला, असं कॅन्टीनवाल्याने आपुलकीने सांगितलं. भांडाराचं काम माझ्याकडून काढून कॅटलॉगबाईंकडे दिलंय. मी त्यांना मदत करायची. खिशातले मसुदे खिशातच राहिले. अशा वेळी राजीनामा देणं म्हणजे पळपुटेपणा, असा मी विचार केला. पूर्ण खरा नसेल, पण केला.

सोमवार, १० नोव्हेंबर

नवी व्यवस्था. नवीन मशिनला कॅटलॉगबाईंनी कापड घातलंय. मी काचेच्या स्कॅनरवर. सात वह्यांची पानं, पुढून एकदा, मागून एकदा. त्या माझ्यामागे उभ्या राहतात. मला असं मागे कुणी उभं राहिलेलं चालत नाही. पण सांगणार कुणाला, त्यांनाच सांगावं लागेल.

गिरणीत गेलेल्या संशोधनपत्रिकांसाठी त्यांनी प्राध्यापकांना पत्रं पाठवली: आपापल्या घरी असलेले अंक आणून द्यावेत. मी म्हटलं, कुणी देणार नाही. चार दिवसांत सोळा अंक आले. म्हटलं, कसं काय? म्हणाल्या, मी संमतीपत्र नाही पाठवलं, घरी फोन केला. अर्थशास्त्राच्या प्रमुखांच्या घरचा रंग कधीच संपलाय. त्यांच्या बायकोनेच अंक पाठवले.

पहिल्या वहीची नोंद करताना कॅटलॉगबाईंनी लेखकाच्या चौकोनात सरांचं नाव लिहिलं आणि शेजारच्या अधिकच्या चिन्हावर टिचकी मारली. खाली दुसरा चौकोन उघडला. त्यात चित्रकलेच्या बाईंचं नाव. हे चिन्ह पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. मला ते सजावटीचं वाटलं होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज चौदा पानं. कॅटलॉगबाईंनी पाच परत करायला लावली. दोन वाकडी, एकावर माझा अंगठा, दोन का, ते सांगितलं नाही.

पाला सरांच्या बाई सोमवारी आणि गुरुवारी येतात, शेजारी खुर्ची टाकून बसतात. मी पान काचेवर ठेवलं की म्हणतात, उलटं आहे. मुळं वर आली. मी म्हटलं, मला ती फांदी वाटली. म्हणाल्या, वाटणारच.

चहाच्या वेळी कॅटलॉगबाईंनी भांडारात आज किती आहेत विचारलं. वह्या पूर्ण झाल्याशिवाय त्या मोजायच्या नाहीत, आलेले अंक अजून रांगेत आहेत, तेव्हा मी ठामपणे सांगितलं, एकशे नऊ. हा एक आकडा तरी माझा पक्का आहे, मी स्वतः मोजलाय.

त्यांनी यादीवरून पेन फिरवलं आणि म्हणाल्या, एकशे आठ. एक प्रबंध तुम्ही दोनदा टाकलाय.

मी पुन्हा मोजलं.

एकशे आठ.